विश्लेषण : काऊबॉय नेमबाजांच्या रायफलीमागचे जॉन ब्राउनिंग कोण होते?

सोलापुरात सात रस्ता चौकात बसची वाट पाहताना मोबाइल चाळणाऱ्या कुणाच्याही पडद्यावर हल्ली अशी रील येऊ शकते. डोक्यावर रुंद टोपी, पायात चामडी बूट, हातात जुन्या धाटणीची रायफल. नेमबाज रायफलीखालचा दांडा भराभर खाली-वर करतो आणि काही सेकंदांत दहा गोळ्या दहा वेळा पोलादी पाट्यांवर वाजतात. ही रायफल कारखान्यातून इतकी चपळ होऊन येत नाही. कारागीर तिचे भाग घासून, जुळवून तिला स्पर्धेसाठी तयार करतात. त्याला ‘ट्यूनिंग’ म्हणतात. अशा दांड्याच्या म्हणजे लिव्हर रायफलींच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे आहे. त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

काऊबॉय नेमबाजी हा खेळ काय आहे?

१९८०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हा खेळ सुरू झाला. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पश्चिमेचा वेश, टोपणनाव आणि त्या काळच्या पद्धतीची शस्त्रे अशी त्याची अट असते. प्रत्येक खेळाडूकडे दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर रायफल आणि एक शॉटगन असते. निकाल घड्याळावर ठरतो. नेम चुकला की प्रत्येक चुकीमागे पाच सेकंद वाढतात. लक्ष्ये जवळ आणि मोठी असतात. म्हणून खरी कसोटी असते ती हाताच्या वेगाची आणि रायफल न अडखळण्याची.

ब्राउनिंग यांचे बालपण कसे गेले?

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतातील ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर होते. मॉर्मन पंथीयांसोबत स्थलांतर करत ते तिथे पोहोचले होते. घर मोठे, पैसा बेताचा. जॉन यांचे शिक्षण शाळेपेक्षा वडिलांच्या दुकानातच अधिक झाले. मोडक्या बंदुका दुरुस्त करताना कोणता भाग का तुटतो, हे त्यांना लहानपणीच कळू लागले. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी भंगारातल्या सामानातून पहिली बंदूक जुळवली.

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी, म्हणजे आजही ओळखली जाणारी ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. त्याच सुमारास ऑग्डेनमध्ये विशीतले ब्राउनिंग एका वेळी एकच गोळी झाडणारी भक्कम रायफल घडवत होते. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी वडिलांचे निधन झाले. मग भावांना बरोबर घेऊन त्यांनी गावातच छोटा कारखाना काढला.

विंचेस्टर कंपनीशी गाठ कशी पडली?

ब्राउनिंग बंधूंची एक रायफल विंचेस्टरच्या विक्रेत्याच्या हाती लागली आणि तिथून ती कंपनीपर्यंत पोहोचली. १८८३ मध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी टी. जी. बेनेट थेट ऑग्डेनला आले. त्यांनी त्या रायफलीचे सर्व हक्क ८,००० डॉलरला विकत घेतले. पुढे ती ‘मॉडेल १८८५’ म्हणून बाजारात आली. इथून १९ वर्षांचे नाते सुरू झाले. ब्राउनिंग यांनी रचना द्यायची, कंपनीने एकरकमी पैसे मोजायचे आणि हक्क स्वतःकडे ठेवायचे. कंपनीने त्यांच्या चाळीसहून अधिक रचना घेतल्या. प्रत्यक्षात बाजारात आणल्या मोजक्याच. उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाऊ नयेत, हाही खरेदीचा एक हेतू होता.

त्यांच्या लिव्हर रायफलीत वेगळे काय होते?

लिव्हर खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते, घोडा मागे ताणला जातो आणि नळीखालच्या पुंगळीतून नवे काडतूस वर येते. लिव्हर वर घेतला की दार बंद होते. १८६६ आणि १८७३ च्या जुन्या विंचेस्टर रायफलींत हे दार कोपरासारख्या सरळ होणाऱ्या सांध्याने धरलेले असे. हालचाल मऊ होती. पण मोठ्या काडतुसाचा दाब त्या सांध्याला पेलत नसे.

ब्राउनिंग यांनी ‘मॉडेल १८८६’ मध्ये सांध्याऐवजी वर-खाली सरकणाऱ्या दोन भक्कम पट्ट्यांनी दार कुलूपबंद केले. त्यामुळे लिव्हर रायफल मोठ्या काडतुसांसाठीही वापरता येऊ लागली. त्यानंतर बेनेट यांना तशीच छोटी रायफल हवी होती. कुटुंबाकडून आलेल्या चरित्रानुसार, तीस दिवसांत रचना तयार झाली तर २० हजार डॉलर, नाही तर फुकट, अशी बोली ब्राउनिंग यांनी लावली आणि ती जिंकली. तीच ‘मॉडेल १८९२’. हॉलिवूडच्या काऊबॉय चित्रपटांत सर्रास दिसते ती हीच. त्यांच्या ‘मॉडेल १८९४’ च्या पुढे ७० लाखांहून अधिक रायफली बनल्या.

ट्यूनिंगमध्ये नेमके काय करतात?

यंत्रमागाच्या शहराला हे समजावणे सोपे आहे. माग तोच असतो; पण धोटा अडखळू नये म्हणून अनुभवी जॉबर तो असा बसवून देतो की कामगाराचा वेळ वाचतो. रायफलीचेही तसेच. एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत केले जातात. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगच्या जागी हलक्या बसवतात. काडतूस उचलणारा भाग हलका करतात. नियमांच्या मर्यादेत लिव्हरचा फेरा आखूड करतात. बोटे सोलवटू नयेत म्हणून लिव्हरला चामडे गुंडाळतात. बाहेरून मात्र रायफल जुन्या काळचीच दिसली पाहिजे.

यात अतिरेक महागात पडतो. घोड्याची स्प्रिंग फार हलकी झाली तर काडतुसाच्या टोपीवर पुरेसा आघात होत नाही आणि गोळी सुटत नाही. पुंगळीत काडतुसे एकामागे एक असल्याने एकाचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते. म्हणून चपट्या टोकाच्या शिशाच्या गोळ्या वापरतात. पोलादी पाट्यांवरून तुकडे उडू नयेत म्हणून रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदाला १,४०० फुटांच्या आत ठेवावा लागतो.

मग स्पर्धेत जुनी १८७३ची रायफल पुढे का?

ब्राउनिंग यांची १८९२ ची रायफल अधिक मजबूत असूनही अव्वल नेमबाजांची पसंती बहुधा १८७३ च्या रचनेलाच असते. कारण खेळात काडतुसे सौम्य असतात, तिथे जास्तीच्या मजबुतीचा उपयोग नाही. कोपरासारखा सांधा आखूड फेऱ्यात अधिक मऊ चालतो. म्हणून १८९२ ची रचना कमी ठरत नाही. ती शिकार आणि रोजच्या खडतर वापरासाठी होती, घड्याळासाठी नव्हती.

ब्राउनिंग आणि विंचेस्टर वेगळे का झाले?

कारण होते कारागिराच्या वाट्याचे. ब्राउनिंग यांनी आपोआप भरली जाणारी शॉटगन तयार केली. हिची विक्री प्रचंड होणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून या वेळी त्यांनी एकरकमी पैशाऐवजी प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा मागितला. बेनेट यांनी तो नाकारला. जानेवारी १९०२ मध्ये ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. त्याच दिवशी तिचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. शेवटी नमुना घेऊन ब्राउनिंग बोटीने बेल्जियमला गेले. तिथल्या एफएन कंपनीने हिश्श्याची अट मान्य केली आणि ती शॉटगन जगभर विकली गेली. विंचेस्टरला मात्र इतकी वर्षे जोडलेला रचनाकार गमवावा लागला.

त्यांच्या कामाची काळी बाजू कोणती?

ब्राउनिंग यांच्या नावावर १२८ पेटंट आहेत आणि त्यांतील सगळी शस्त्रे खेळाची नाहीत. अमेरिकी सैन्याचे १९११ चे पिस्तूल आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातील मशिनगन त्यांच्याच. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली, तीही त्यांच्या रचनेच्या पिस्तुलाने. त्या हत्येनंतर महायुद्धाची ठिणगी पडली. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांनी आपल्या हक्काच्या मोठ्या रकमेवर पाणी सोडून सरकारकडून त्याच्या काही अंशानेच मोबदला घेतला.

भारताशी संबंध काय?

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जियममधील एर्स्ताल येथील एफएनच्या कारखान्यात, मुलगा वाल याच्या कचेरीत ब्राउनिंग यांचे हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. त्यांनी सुरू केलेले एक पिस्तूल सहकारी द्युदोने सेव्ह यांनी पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते ‘हाय-पॉवर’ नावाने आले. त्याचेच भारतीय रूप पश्चिम बंगालमधील इच्छापूरच्या रायफल कारखान्यात बनले आणि आपल्या लष्कराच्या, पोलिसांच्या कमरेला दिसू लागले.

काऊबॉय नेमबाजी मात्र आपल्याकडे रुजलेली नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. आपली नेमबाजी अशाच ऑलिम्पिक प्रकारांभोवती फिरते. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची निर्मितीच नव्हे, तर दुरुस्ती आणि फेरबदलासाठीही परवाना लागतो. त्यामुळे रील पाहून सात रस्त्याजवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये स्प्रिंग बदलून घेणे हा छंद नव्हे, गुन्हा ठरेल.