न्यायासनापर्यंतची वाट

महादेव गोविंद रानडे यांच्या नावामागे ‘न्यायमूर्ती’ ही उपाधी इतकी सहज लागते की, ती त्यांना जन्मतःच लाभली असावी असे वाटते. वस्तुतः मुंबई उच्च न्यायालयाचे आसन त्यांना वयाच्या ५१ व्या वर्षी मिळाले. तत्पूर्वीची बावीस वर्षे त्यांनी खालच्या न्यायालयांत वेचली. त्या वर्षांचीच कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. कोल्हापुरास व मुंबईस शिक्षण घेऊन ते १८६४ मध्ये एम. ए. व १८६६ मध्ये एलएल. बी. झाले. काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केल्यावर १८७१ साली ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. दिवसा कचेरीत दाव्यांचा निवाडा आणि उरल्या वेळी सार्वजनिक सभेचे कार्य, असा त्यांचा क्रम होता.

हेच कार्य सरकारच्या डोळ्यांत सलू लागले. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा आगीत सापडले, आणि संशयाचे सावट रानड्यांवरही पडले. भर उन्हाळ्यात त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांची खाजगी पत्रे फोडून वाचली जात. दुसऱ्यांचा न्याय करणारा पुरुष स्वतःच संशयित ठरला होता! अशा वेळी दुसरा एखादा संतापाने नोकरी सोडता, किंवा भीतीने लोककार्य सोडता. रानड्यांनी दोन्ही सोडले नाही. ते शांतपणे आपले काम करीत राहिले, आणि कालांतराने संशय निवळला.

१८८१ मध्ये ते मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले, १८८४ मध्ये पुण्याच्या लघुवाद न्यायालयात आले. सावकारी कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी १८७९ साली जो कायदा झाला होता, त्याखाली १८८७ पासून विशेष न्यायाधीश या नात्याने त्यांनी खालच्या न्यायालयांचे निर्णय तपासले. अखेर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिक्त झालेल्या जागी १८९३ मध्ये त्यांची उच्च न्यायालयावर नेमणूक झाली.

तथापि हा न्यायाधीश निर्दोष होता, असे आम्ही म्हणत नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. लोकनिंदा त्यांनी निमूटपणे सोसली, आणि घरच्यांचा विरोध असतानाही रमाबाईंना शिकविले. त्याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. उच्च न्यायालयात ते अवघी सात वर्षे होते. विद्यार्थिमित्रहो, उच्च पद मिळाले म्हणून ते न्यायमूर्ती झाले, असे आम्हांस वाटत नाही. धुळ्याच्या त्या उन्हाळ्यात, स्वतःवर अन्याय होत असतानाही त्यांच्या हातचा तराजू ढळला नाही, तेव्हाच ते न्यायमूर्ती झाले होते.