बडोद्याची राजकन्या इंदिराराजे

सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे १८९२ साली जन्मली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी तिची सोयरीक ठरली. त्यांची पहिली पत्नी मात्र हयात होती. इंदिराराजेने स्वतःच पत्र लिहून ती सोयरीक मोडली! मातापित्यांना हे कळले ते ग्वाल्हेरहून आलेल्या तारेने. त्यांच्या मनःस्थितीचीही आपण कल्पना करावी. १९१३ साली लंडनमध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी तिचा ब्राह्म पद्धतीने विवाह झाला. आईवडील आले नाहीत. जितेंद्र म्हणजे ख्रिस्ताविषयी नितांत आदर बाळगणाऱ्या केशवचंद्र सेनांचे दौहित्र. काही आठवड्यांतच ते गादीवर बसले. १९२२ साली निवर्तले. पाच लेकरांची ही तिशीतील मराठी विधवा, पुत्र सज्ञान होईपर्यंत, परभाषिक संस्थानाचा कारभार पाहत राहिली. १९६८ साली मुंबईत तिचे देहावसान झाले.