जोतीरावांचा हिशेब : कर कुणाचा, पगार कुणाला?

महात्मा जोतीराव फुले म्हटले की १८४८ ची मुलींची शाळा आणि १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. जयंतीला तेवढे सांगून वक्ते मोकळे होतात. पण तिजोरीत पैसा कुणाच्या घामाचा येतो आणि तो कुणाच्या घरात जातो, हा हिशेब मागणारे जोतीराव व्यासपीठावर क्वचितच भेटतात.

जोतीरावांना पैशाचे वावडे नव्हते. ते स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांवर त्यांनी मजुरांचे कष्ट आणि अंमलदारांचे व्यवहार दोन्ही जवळून पाहिले. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चायचे ठरवले, तेव्हा विरोधात एकटे जोतीराव उभे राहिले. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी हाच मुद्दा मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, पण त्यातून चाललेल्या उच्च शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. पुढच्याच वर्षी लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतसारा, लोकल फंड, मीठ यांवरच्या करांचा बोजा दाखवला आणि गोऱ्या-काळ्या बड्या अंमलदारांचे भरमसाट पगार व पेन्शनी कमी करण्याची मागणी केली.

जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात हाच धागा पुढे नेला. आयकरात कमी उत्पन्नाला सूट आहे, मग तोट्यातल्या गरीब शेतकऱ्याकडून सारा का, असा त्यांचा सवाल होता.

आज काय चित्र आहे? १९८५ मध्ये वारसा संपत्तीवरचा कर गेला, २०१५ मध्ये संपत्ती कर गेला, २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. साबणाच्या वडीवर मात्र मोलकरीण आणि मालकीण सारख्याच दराने जीएसटी भरतात. कंपनीच्या साहेबाचा पगार हा खासगी मामला, असे सांगितले जाते. पण कंपनीला मिळालेली करसवलत सार्वजनिक तिजोरीतूनच जाते ना?

२०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातील कंपन्यांना संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे जाहीर करावे लागते. कंत्राटदाराचा सफाई कामगार कंपनीच्या पटावर नसतो, म्हणून त्या हिशेबातही नसतो. कार्यकर्त्यांनी हे वार्षिक अहवाल मिळवून वस्तीत वाचून दाखवावेत. जोतीरावांना हार घालणे सोपे आहे. त्यांच्यासारखा हिशेब मागणे, ही खरी जयंती.