माळ्यावरील संशोधक : एड्विन आर्मस्ट्राँग

घरी नभोवाणी ऐकणाऱ्या आम्हां सर्वांवर एड्विन आर्मस्ट्राँग ह्यांचे ऋण आहे. त्यांचा जन्म १८९० साली न्यूयॉर्क शहरी झाला. यॉन्कर्स येथील घराच्या माळ्यावर ते बालपणापासून बिनतारी यंत्रे जुळवीत. अंगणात सुमारे १२५ फूट उंचीचा खांबही त्यांनी स्वहस्ते उभारिला.

१९१२ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, त्यांस एक युक्ती सुचली. ऑडिऑन नामक काचेच्या नळीतून वाढून निघालेल्या विद्युत्‌संदेशाचा काही अंश त्यांनी पुनः तिच्यातच सोडिला. तोच संदेश वारंवार वाढू लागून अतिक्षीण स्वरही स्पष्ट ऐकू आले. मध्यरात्रीच त्यांनी हर्षभराने बहिणीस जागे केले!

पुढे ह्या शोधाच्या हक्काविषयी ली द फॉरेस्ट ह्यांच्याशी दीर्घकाळ वाद चालला. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आर्मस्ट्राँग हरले. तेव्हा रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने ह्याच शोधाबद्दल दिलेले मानपदक ते परत करू लागले. परंतु संस्थेने ते घेतले नाही. १९५४ साली ते निवर्तले. खरखर टाळणारी एफ.एम. नभोवाणी हीही त्यांचीच देणगी होय.

न्यायालयातील निकाल कसाही लागो, स्वहस्ते मिळविलेले ज्ञान कोणासही हिरावून घेता येत नाही, हेच आम्ही ह्या चरित्रापासून शिकतो.