दिवा घेतलेली गीता आणि तिचे चित्रकार वडील

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संतांविषयी व वीरांविषयी लिहिणाऱ्या जाणत्या भगिनी आपल्यात आहेत. म्हणून मी एक चित्रकार निवडले. त्यांचे एक चित्र आपण बहुतेकींनी पाहिलेले आहे, पण त्यांचे नाव थोडक्याच जणींना ठाऊक असेल.

एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताच्या तळव्याने त्याला आडोसा करणारी ती साडीतली तरुणी आठवते ना? कॅलेंडरांवरून आणि काचेच्या चौकटींतून ती कितीतरी घरांत पोचली. हे चित्र राजा रविवर्म्यांचे, असे सर्रास सांगितले जाते. पण रविवर्मा १९०६ साली वारले आणि हे चित्र त्यानंतरचे आहे. ते काढले आपल्या महाराष्ट्राच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. चित्रकलेची ओढ लहानपणापासूनची. शाळेतल्या गुरुजनांनी ती ओळखली, सावंतवाडीच्या राजेसाहेबांनी आधार दिला आणि १९०३ साली हा कोकणचा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. धुरंधर, त्रिंदाद यांसारखे नामांकित गुरू तेथे लाभले. शिक्षण संपल्यावर त्यांनी आपली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. १९०८ साली त्यांनी मुंबईत हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट ही चित्रशाळा काढली व अनेक मुलांना शिकवले. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, तीही त्यांनी व त्यांच्या चित्रकार मित्रांनीच. व्यक्तिचित्रे व निसर्गचित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. तैलरंग व जलरंग दोन्ही त्यांना सारखेच वश होते.

आता त्या चित्राची हकिगत. दिवाळीचे दिवस होते. त्यांची मुलगी गीता साडी नेसून, हातात दिवा घेऊन उभी होती. वडिलांची नजर तिच्यावर गेली आणि चित्र मनात तयार झाले. त्यासाठी त्यांना राजवाड्यात जावे लागले नाही, की पुराणातली अप्सरा शोधावी लागली नाही. भगिनींनो, मला यातच सारे मर्म वाटते. दिवा लावणारी बाई कोणत्या घरात नसते? आपण तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा ठेवतो, वारा आला की हात आपोआप आडवा जातो. नवरात्रात तुळजापुराहून ज्योत घेऊन गावोगाव धावणारी आपली मुले तिला वाऱ्यापासून किती जपतात, ते आपण दरवर्षी पाहतो. ते जपणे चेहऱ्यावरही उमटते. आपण ते रोज पाहतो, म्हणून ते दिसेनासे होते. हळदणकरांना ते दिसले.

पण दिसले म्हणून लगेच चित्र झाले असेही नाही. हे चित्र जलरंगात आहे. तैलरंग म्हणजे भिंतीचे सारवण. एक हात बिघडला तर वरून दुसरा देता येतो. जलरंग म्हणजे पांढऱ्या लुगड्यावर पडलेली हळद. एकदा लागली की लागली! शिवाय जलरंगात उजेड हा वरून पांढरा रंग लावून आणायचा नसतो. कागदाचा पांढरेपणा राखूनच तो दाखवायचा. म्हणजे कोठे हात लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. या कठीण माध्यमात चूक न करता असे चित्र काढता येते, हे त्यांना दाखवायचे होते.

चित्रात दिव्याचा उजेड हनुवटीवर, गालांवर येतो आणि बोटांच्या फटींतून लालसर होऊन झिरपतो. बाकी सारे अंधारात. चेहऱ्यावर ना हसू, ना रडू. तरी त्या चेहऱ्यावरून आपली नजर हटत नाही. दागदागिने काढून चेहरा बोलका होत नाही. उजेड कोठून येतो आणि समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे कळले म्हणजे तो होतो.

या चित्रासाठी गीताला सुमारे तीन तास न हलता उभे राहावे लागले. दहा मिनिटे हात तसा धरून पाहा, म्हणजे ते किती अवघड आहे ते कळेल. चित्राचे श्रेय वडिलांचे आहेच; पण त्यात लेकीच्या दुखऱ्या हातांचाही वाटा आहे, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

ते चित्र पुढे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात गेले व ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने गाजले. हळदणकर १९६८ साली वारले. गीताताई उपळेकर शंभरी ओलांडून २०१८ साली कोल्हापुरात निवर्तल्या. चित्र मात्र दुसऱ्याच्या नावाने फिरत राहिले.

आपल्या आळीतही वहीच्या मागच्या पानांवर चेहरे काढणाऱ्या मुली आहेत. त्यांना रागावण्याआधी ते पान एकदा नीट पाहावे. सावंतवाडीच्या त्या मुलाचेही पान कोणीतरी पाहिले होते. त्यांना चित्रासाठी विषय हवा असेल, तर भाकरी थापणारी आजी दाखवावी, चुलीचा उजेड पडलेली आई दाखवावी.

आणि कोणाच्या घरी ते दिव्याचे चित्र असेल, तर तिने चौकटीच्या मागे पेन्सिलीने दोन नावे लिहून ठेवावीत. काढणारे सावळाराम हळदणकर. उभी राहिलेली त्यांची लेक गीता.