तराळाचा मुलगा ते कुलगुरू : आटपाडीचे शंकरराव खरात कोण होते?

साहित्य संमेलनाची तीन अध्यक्षपदं एकट्या आटपाडी तालुक्याच्या नावावर आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकर आणि १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. लगेच पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये जळगावला हा मान शंकरराव खरातांना मिळाला. माडगूळकर बंधू घराघरांत पोहोचले. खरातांचं नाव मात्र आज कमी ऐकू येतं.

तराळ म्हणजे काय?

शंकररावांचा जन्म १९२१ चा. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. वडील गावचे तराळ. महार वतनात ही गावकी यायची. निरोप पोहोचवायचे, मयताची खबर परगावी न्यायची, बेवारस प्रेताची राखण करायची. मोबदला म्हणून बलुतं मिळायचं, तेही गावाच्या मर्जीवर. नाही म्हणायची सोय नव्हती. ही वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये.

पुढे काय झालं?

शंकरराव शिकले, पुण्यात वकील झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत उतरले. 'प्रबुद्ध भारत'चं संपादन केलं. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या घराला गावकीतून सुटका नव्हती, त्या घरातला मुलगा विद्यापीठ चालवू लागला.

काय लिहिलं?

'बारा बलुतेदार', 'तडीपार', 'सांगावा' हे कथासंग्रह. 'हातभट्टी', 'झोपडपट्टी' या कादंबऱ्या. महार समाजाचा इतिहासही त्यांनी लिहिला. १९८१ मध्ये आलेलं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र सर्वाधिक गाजलं.

आज का वाचायचं?

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त माणदेश दिसतो तो गावात आलेल्या तरुण मास्तरच्या नजरेतून. खरातांकडे तोच दुष्काळी मुलूख गावकुसाबाहेरून दिसतो. पाऊस दोघांकडेही रुसलेला आहे, पण खरातांच्या माणसांना पाणवठ्यावरही हक्क नाही. त्यामुळे एकच बाजू वाचली, तर माणदेश अर्धाच कळतो.

२००१ मध्ये शंकररावांचं निधन झालं. त्याच वर्षी व्यंकटेश माडगूळकरही गेले. सुरुवात करायची असेल, तर 'तराळ-अंतराळ' आणि 'बनगरवाडी' लागोपाठ वाचा.