जॉन ड्युई : वस्तीत गेलेला प्राध्यापक

प्रा. जॉन ड्युई यांचे नाव आपल्या सभांमधून बाबासाहेबांचे कोलंबियातील प्राध्यापक म्हणून घेतले जाते आणि वक्ता लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळतो. बाबासाहेबांनी सांगितलेले तीन गुरू बुद्ध, कबीर आणि फुले. त्यात ड्युई नाहीत, हे खरेच. पण विद्यापीठाने समाजाचे देणे मानले तर विद्यार्थ्याचे काय होते, याचा पुरावा कुणी मागितला तर आम्ही याच माणसाचे चरित्र पुढे ठेवू.

ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे एका दुकानदाराच्या घरी झाला. १८९४ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले, तेव्हा शहरात पुलमन रेल्वे डब्यांच्या कारखान्यातील कामगारांचा संप पेटला होता. विद्यापीठ रॉकफेलरच्या पैशावर उभे. ड्युईंची सहानुभूती मात्र कामगारांकडे! याच शहरात जेन ॲडम्स स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत १८८९ पासून हल हाऊस चालवीत होत्या. ड्युई तेथे जात, व्याख्याने देत, पुढे विश्वस्तही झाले. त्यांचे खरे शिक्षण तेथेच झाले, असे आमचे मत आहे. १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठातच एक प्रयोगशील शाळा काढली. तेथे मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करता करता गणित आणि विज्ञान शिकत. मनूच्या देशात हाताने काम करणारा हीन ठरला. तेथे तेच काम ज्ञानाचे दार झाले. या शाळेच्या कारभारावरून अध्यक्षांशी बिनसले आणि १९०४ मध्ये ड्युई कोलंबियाला गेले.

तेथेही ते वर्गापुरते राहिले नाहीत. काळ्या माणसांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये जे जाहीर आवाहन निघाले, ज्यातून एन.ए.ए.सी.पी. ही संघटना उभी राहिली, त्यावर त्यांची सही आहे. १९१५ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१७ मध्ये त्यांनी महायुद्धाला पाठिंबा दिला. तो आम्हाला पटत नाही. पण युद्धविरोधी प्राध्यापकांना कोलंबियाने काढले तेव्हा त्याच ड्युईंनी निषेध म्हणून विद्यापीठाच्या समितीचा राजीनामा दिला.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबियात होते आणि ड्युईंचे वर्ग करीत होते. लोकशाही म्हणजे केवळ मतदान नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार त्यांनी जातीच्या प्रश्नाला लावला. १९३६ च्या, लाहोरला होऊ न शकलेल्या, जातिनिर्मूलनाच्या भाषणात त्यांनी ड्युईंचा आपले शिक्षक म्हणून उल्लेख केला. पुढे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वस्तीचे घड्याळ पाहून वेळापत्रक लावणे, याला आम्ही विद्यापीठाची सामाजिक जबाबदारी म्हणतो.

ड्युई १ जून १९५२ रोजी वारले. मानद पदवी स्वीकारायला बाबासाहेब त्याच सुमारास न्यूयॉर्कला निघाले होते. भेट राहून गेली. ५ जूनला पदवी मिळाली.

आज आपली मुले विद्यापीठात पोहोचली आहेत. पण हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला वसतिगृहाबाहेर काढला गेला आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्याने जीवन संपवले. आपल्या विद्यापीठातील समान संधी कक्षाची शेवटची बैठक कधी झाली, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात.